‘न मानणे’ : अविश्वासाच्या व्याकरणाविषयी आणि नीतीविषयी

१

पदव्युत्तर वर्गाला कोलरिज शिकवताना त्याची एक सुप्रसिद्ध संज्ञा मराठीत सांगावी लागते. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथात काव्याच्या वाचकाकडून जी मानसिक तयारी अपेक्षिली आहे, तिला आपल्या समीक्षेत ‘अविश्वासाचे स्वेच्छेने केलेले स्थगन’ किंवा याच अर्थाच्या एखाद्या शब्दबंधाने ओळखले जाते. ही संज्ञा मी अनेक वर्षे अशीच सांगत आले. काही वर्षांपूर्वी वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर एक साधी शंका विचारली. “मॅडम, ‘अविश्वास’ हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. आम्ही ‘पटत नाही’ म्हणतो, नाहीतर ‘मानत नाही’ म्हणतो. यांतले स्थगित काय करायचे?”

त्या वेळी मी त्याला पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. ‘अविश्वास’ हा संस्कृत घडणीचा व्यापक शब्द असून इतर दोन्ही प्रयोग त्याच्या पोटात येतात, असे मी सांगितले. ते उत्तर चुकीचे होते असे मला आज वाटते. त्याच सुमारास मुंबईच्या किनारी रस्त्याच्या खांबांवरून वरळीच्या मच्छीमारांचा महापालिकेशी संघर्ष चालू होता आणि या विद्यार्थ्याच्या घरची होडी त्याच बंदरातून समुद्रात जात होती. त्याची शंका केवळ शब्दकोशाची नव्हती. विश्वास न ठेवण्याच्या ज्या कृतीला आपण एक नाम देऊन मोकळे होतो, ती कृती मराठी भाषक प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या प्रकारे करतो, आणि त्या प्रत्येक प्रकाराची नैतिक जबाबदारी सारखीच असते काय, असा तिचा आशय होता. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दप्रयोग पाहू. एखादे विधान स्वीकारले जात नाही हे सांगण्यासाठी मराठीत निदान पाच रचना नित्य वापरात आहेत : ‘मला खरे वाटत नाही’, ‘माझा विश्वास बसत नाही’, ‘मला पटत नाही’, ‘मी विश्वास ठेवत नाही’ आणि ‘मी मानत नाही’.

पहिल्या तीन रचनांत बोलणारी व्यक्ती वाक्याच्या कर्तेपदी नाही. ‘मला’ या चतुर्थीच्या रूपाने ती अनुभवाची जागा म्हणून येते किंवा ‘माझा’ या षष्ठीने विश्वासाची धनी म्हणून येते. बसण्याची क्रिया विश्वास करतो. माणूस करीत नाही. जसे पाणी निवळते किंवा धूळ खाली बसते, तसा विश्वास बसतो अथवा बसत नाही. कोणी आग्रह केला म्हणून तो बसवता येत नाही. उलट शेवटच्या दोन रचनांत ‘मी’ स्पष्टपणे कर्ता आहे. विश्वास ‘ठेवला’ जातो, ‘टाकला’ जातो, आणि तो नेहमी कोणावर तरी ठेवला जातो. यातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय महत्त्वाचे आहे, कारण त्यातून भार सूचित होतो.

मराठीने केलेला हा भेद तत्त्वज्ञानातील एका जुन्या वादाशी थेट भिडतो. विश्वास हा इच्छेच्या अधीन आहे काय, हा तो वाद. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, विश्वासाचे लक्ष्य सत्य हे असल्याने केवळ ठरवून एखाद्या गोष्टीवर विश्वास निर्माण करता येणार नाही. तसे करता आले असते, तर ज्या अवस्थेला आपण विश्वास म्हणतो ती विश्वास राहिलीच नसती. विल्यम जेम्स यांनी १८९६ साली, पुरावा निर्णायक नसताना आणि निवड टाळता येत नसताना, विश्वास ठेवण्याचा अधिकार माणसाला असतो अशी भूमिका घेतली होती. मराठी भाषकाला या दोन भूमिकांत विसंगती वाटण्याचे कारण नाही. विल्यम्स ‘बसणे’विषयी बोलत आहेत आणि जेम्स ‘ठेवणे’विषयी. विश्वास न बसूनही तो ठेवता येतो. आजारी माणूस वैद्याच्या बाबतीत हेच करीत असतो.

‘पटणे’ या क्रियापदाचे क्षेत्र निराळे आहे. ओळख पटते, सौदा पटतो, दोन भावांचे पटत नाही. या सर्व वापरांत दोन बाजू गृहीत आहेत. ‘मला हे पटत नाही’ असे म्हणणारा माणूस संवादातून उठून गेलेला नसतो. ‘पटवून द्या’ असे आव्हान त्याच्या बोलण्यात अंतर्भूत असते, आणि पटवून दिले गेल्यास मत बदलण्याची तयारीही.

‘मानणे’ याहून वेगळे आहे. आभार मानले जातात, हार मानली जाते, वडीलधाऱ्यांचा शब्द मानला जातो, देव मानला जातो. यांपैकी कोठेही मनात काय घडले याचे वर्णन प्रधान नाही. मानणे ही स्वतःला एखाद्या संबंधात उभे करण्याची कृती आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे तर ‘मी आभार मानतो’ हे वाक्य वर्णन करीत नाही, ते कृती करते. ‘मी मानत नाही’ हेही तसेच आहे. असे म्हणणारा मनुष्य समोरच्या विधानाच्या खरेखोटेपणाविषयी निर्णय देतोच असे नाही. त्या विधानाला माझ्यावर जो अधिकार चालवावयाचा आहे तो मी देत नाही, एवढे तो जाहीर करतो.

आता ‘अविश्वास’ या नामाकडे पाहावे. ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून आला आहे. श्वास मोकळेपणी चालणे, निर्धास्त असणे ही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना. ‘श्रद्धा’ या शब्दात ‘धा’, म्हणजे ठेवणे, हा धातू आहे. व्युत्पत्तीवरून अर्थ सिद्ध होत नाही हे खरे. परंतु एका शब्दात शरीराचे स्वास्थ्य आणि दुसऱ्यात ठेवण्याची कृती असावी, हे ‘बसणे’ आणि ‘ठेवणे’ यांतील भेदाशी जुळते. नकाराचा ‘अ’ लागून नाम झाले की हा भेद नाहीसा होतो. बसला नाही की ठेवला नाही, पटले नाही की मानले नाही, हे ‘अविश्वास’ सांगत नाही. शिवाय हे नाम बहुधा ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही त्याच्या बाजूने उच्चारले जाते. ‘लोकांच्या मनात अविश्वास आहे’ असे शासन म्हणते. लोक ‘आम्हांला पटत नाही’ म्हणतात. ‘नास्तिक’ या शब्दाची वाटचाल याच प्रकारची आहे. पाणिनीच्या व्याकरणात ज्याची मती ‘नाही’ अशी आहे तो नास्तिक, आणि टीकाकारांच्या मते हे ‘नाही’ परलोकाविषयीचे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र वेदाची निंदा करणाऱ्याला हे नाव मिळते. एक मत बाळगणारा माणूस प्रामाण्याचा अपराधी झाला आणि हे नामकरण प्रामाण्याच्या बाजूने झाले.

याला एक अपवाद आहे, तो ‘अविश्वास ठराव’ या संसदीय प्रयोगाचा. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला. येथे अविश्वास मनात नसतो, तो मांडला जातो, त्यावर चर्चा व मतदान होते. मंत्रिमंडळाचे अमुक विधान खोटे आहे असे त्यात म्हणावे लागत नाही; आमच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार काढून घ्यावा एवढेच म्हणावयाचे असते. म्हणजे लोकशाहीच्या संस्थेत ‘अविश्वास’ हा शब्द ‘न मानणे’ या अर्थाने वापरला जातो आणि त्याला प्रतिष्ठाही आहे. सभागृहाबाहेर तोच शब्द अज्ञान किंवा हट्ट या अर्थाकडे झुकतो.

३

हा भेद व्यवहारात काय करतो हे पाहण्यासाठी वरळीचे उदाहरण घेऊ. मुंबई महापालिकेच्या किनारी रस्त्याचे काम ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. सुमारे साडेदहा किलोमीटर लांबीचा हा रस्ता मरीन ड्राइव्हकडून येऊन वरळीला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडला जातो. ज्या ठिकाणी ही जोडणी व्हावयाची होती, तेथूनच क्लीव्हलँड बंदरातील होड्यांचा समुद्रात जाण्यायेण्याचा मार्ग आहे. वरळीच्या मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीने इतर याचिकादारांबरोबर उच्च न्यायालयात धाव घेतली. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्रविषयक परवानगी रद्द ठरवली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले.

यानंतरचा वाद एका आकड्याभोवती फिरत राहिला. होड्या जेथून जाणार तेथील दोन खांबांमधील अंतर ६० मीटर असावे, अशी योजना होती. तज्ज्ञांच्या अभिप्रायाच्या आधारे महापालिका ते पुरेसे आहे असे म्हणत होती. मच्छीमार २०० मीटर मागत होते. २०२१ च्या अखेरीस त्यांनी होड्या आडव्या घालून त्या भागातील काम बंद पाडले. पुढचे सुमारे वर्षभर वाटाघाटी चालल्या. २०२२ च्या अखेरीस मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे राज्य शासनाने मान्य केले. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि जानेवारी २०२५ पर्यंत सागरी सेतूशी त्याची जोडणी पूर्ण झाली.

आकड्यांच्या पातळीवर पाहिले तर ६० मीटर हे अंतर लहान वाटत नाही. मासेमारीची होडी काही मीटरच रुंद असते. शांत पाण्यात, दिवसाउजेडी, एकच होडी सरळ रेषेत जाणार असेल तर हिशेब चुकत नाही. परंतु होडी रस्त्यावरील वाहनासारखी स्वतःच्या रेषेत राहत नाही. उधाणाच्या भरतीचा ओढ आणि भांगाच्या भरतीचा ओढ निराळा असतो. वारा बाजूने आला की नाळ फिरते. परतताना रात्र असू शकते, दोन होड्या समोरासमोर येऊ शकतात, इंजिन नेमके खांबाजवळ बंद पडू शकते. आणि वरळीच्या किनाऱ्याजवळ खडक आहेत. ३० जून २००९ रोजी खुल्या झालेल्या सागरी सेतूच्या खांबांमधून ये-जा करण्याचा अनुभव या लोकांच्या पाठीशी होता. त्यांचा युक्तिवाद त्या अनुभवातून आला होता.

माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी कोळीवाड्यात गेले तेव्हा त्याच्या वडिलांनी जे सांगितले त्याचा आशय प्रमाण भाषेत असा होता : अहवाल खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांचे शिक्षण मोठे आहे. पण पुलावरून जाणाऱ्याला तो पटून काय उपयोग, पुलाखालून जाणाऱ्याला पटला पाहिजे. सुरुवातीला आम्ही पटत नाही म्हणत होतो. कोणी पटवायला आले नाही, तेव्हा मानत नाही म्हणालो.

या बोलण्यात वर मांडलेला भेद कोणत्याही सिद्धान्ताविना पूर्णपणे आलेला आहे. याचिका, निवेदने, चर्चा हा ‘न पटण्या’चा टप्पा होता, आडव्या घातलेल्या होड्या हा ‘न मानण्या’चा टप्पा. या दोन्ही टप्प्यांना ‘मच्छीमारांचा अविश्वास’ असे एकच नाव दिले की एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे कारण दिसेनासे होते. ते कारण मच्छीमारांच्या मनात शोधून सापडणार नाही. पटवून देण्याची जबाबदारी ज्या बाजूवर होती तिच्या मौनात ते आहे.

४

येथे मुख्य नैतिक प्रश्न उपस्थित होतो. तज्ज्ञांचे म्हणणे न मानण्याचा अधिकार सामान्य माणसाला आहे काय? मराठी विवेकवादाने गेले शतक-दीड शतक न मानण्याची एक परंपरा निर्माण केली आहे. १८८८ साली सुरू झालेल्या आगरकरांच्या ‘सुधारक’पासून १९९० साली नागपुरातून दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’पर्यंत, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यात, पुराव्याविना मानू नका हे सूत्र समान आहे. या सूत्राची किंमत नरेंद्र दाभोलकरांना २०१३ साली प्राणांनी चुकवावी लागली. परंतु या परंपरेत न मानण्याचा रोख बुवा, पोथी, रूढी यांच्याकडे होता. विज्ञान हे प्रमाण मानले गेले होते. वरळीत अहवाल विज्ञानाच्या नावे आला होता. तेव्हा न मानणारे विवेकाच्या विरुद्ध बाजूला गेले काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांच्या १८७७ सालच्या, विश्वासाच्या नीतीवरील निबंधाची आठवण होते. पुरेशा पुराव्याविना विश्वास ठेवणे हा नैतिक दोष आहे असे प्रतिपादणाऱ्या या निबंधाचा प्रारंभ एका जहाजमालकाच्या उदाहरणाने होतो. जहाज जुने आहे, त्याची डागडुजी व्हायला हवी, ही शंका मालकाच्या मनात येते. तो ती प्रयत्नपूर्वक दूर सारतो आणि देशांतराला निघालेल्या उतारूंना घेऊन जहाज पाठवतो. जहाज बुडते आणि मालकाला विम्याचे पैसे मिळतात. जहाज बुडाले नसते तरीही मालक तितकाच दोषी ठरला असता, असे क्लिफर्ड बजावतात, कारण दोष परिणामात नसून विश्वास ज्या रीतीने कमावला त्या रीतीत आहे.

या उदाहरणाच्या चर्चेत सहसा पुराव्याच्या अभावावर भर दिला जातो. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. विश्वास मालकाचा आहे आणि समुद्र उतारूंचा. मालकाला स्वतः त्या जहाजातून जायचे असते तर त्याचा विश्वास इतक्या सहज बसला असता काय? पुरावा किती पुरेसा आहे हे ठरवण्याचे माप, चूक झाल्यास ती कोण भोगणार यावर अवलंबून असते. वरळीत उतारूंना मालकाचा विश्वास उसना घेण्यास सांगितले जात होते. त्यांनी तो घेतला नाही. क्लिफर्डच्या कसोटीने पाहता त्यांचे वर्तन विवेकाशी विसंगत नाही. ते त्या कसोटीचे पालनच आहे. ‘६० मीटर पुरेसे आहेत’ हे विधान महापालिकेचे होते, म्हणून सिद्धतेचा भारही तिच्यावरच होता. विवेकवादी परंपरेचा नियम असा की, जो दावा करतो त्याने सिद्ध करावे. दावा करणाऱ्याच्या हाती पोथी आहे की अहवाल यावर हा नियम बदलत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानातही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. न्यायदर्शन आप्ताचा उपदेश हे स्वतंत्र प्रमाण मानते. आप्त म्हणजे श्रेष्ठ कुळातला किंवा अधिकारपदावरचा माणूस नव्हे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार वात्स्यायन स्पष्टपणे सांगतो. या कसोटीवर वरळीच्या समुद्राबाबत आप्त कोण? खांबाचा भार, पाया, पोलाद यांबाबत अभियंता आप्त आहे याविषयी दुमत नाही. परंतु त्या ठिकाणच्या ओढाविषयी, वाऱ्याविषयी, रात्री परतणाऱ्या होडीच्या वळणाविषयी साक्षात ज्ञान नाखव्याला आहे. त्याचे म्हणणे ‘भावना’ म्हणून नोंदवले गेले आणि दुसऱ्याचे ‘अभिप्राय’ म्हणून. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली साक्षीविषयक अन्याय ही जी संकल्पना मांडली ती येथे उपयोगी पडते. बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या शब्दाला कमी विश्वासार्हता मिळणे, हा त्या अन्यायाचा गाभा. म्हणजे वरळीत अविश्वास दोन्ही बाजूंनी होता. एकाच बाजूच्या अविश्वासाला ते नाव मिळाले. दुसऱ्या बाजूच्या अविश्वासाला कार्यपद्धती म्हटले गेले.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा : वरळीच्या गोल्फादेवीला कौल लावणारा समाज अभियंत्याचा अहवाल न मानण्याची भाषा करतो, ही विसंगती नाही काय? या आक्षेपातील उपहास बाजूला ठेवून त्याचा विचार केला पाहिजे. कौल हे ज्ञानाचे साधन आहे असा दावा मी करणार नाही. परंतु कौल लावणारा माणूस त्याचे परिणाम स्वतः भोगतो. तो दुसऱ्याला समुद्रात पाठवण्यासाठी कौल लावत नाही. आणि देवी मानणाऱ्याला भरती-ओहोटी कळत नाही असे कोठे दिसते? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारे लोक वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय होडी लोटत नाहीत. एका क्षेत्रातील श्रद्धेवरून दुसऱ्या क्षेत्रातील साक्ष बाद ठरवणे, हेच वर सांगितलेल्या अन्यायाचे एक रूप आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न मानण्याला असा अधिकार दिला तर तो कोठे थांबणार? याच शहराने त्याचे वाईट परिणाम पाहिले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, ही धारणा सर्वत्र पसरली होती. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तरी ती न मानणारे असंख्य होते. सक्तीने घरे उघडणाऱ्या, माणसे उचलून नेणाऱ्या सरकारवर विश्वास न बसणे स्वाभाविक होते, पण त्यामुळे रोग थांबला नाही. मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळे वरळी कोळीवाडा चहूबाजूंनी बंद करण्यात आला, तेव्हाही डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर सबंध वस्तीने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा होती.

या उदाहरणांत आणि खांबांच्या उदाहरणात एक फरक आहे, आणि तोच माझ्या मते या प्रश्नाची सीमारेषा आखतो. खांबांच्या बाबतीत मानण्याची जोखीम ज्याला मानायला सांगितले त्याच्यावर होती. न मानण्याची किंमत इतरांसाठी पैसा आणि विलंब एवढीच होती. साथीच्या बाबतीत न मानणाऱ्याची जोखीम त्याच्या शेजाऱ्यावर पडते. तेथे न मानणारा स्वतःच क्लिफर्डच्या जहाजमालकाच्या जागी जातो. म्हणून न मानण्याचा अधिकार निरपेक्ष नाही. चूक ठरल्यास बुडणार कोण, या प्रश्नाच्या उत्तराने तो मर्यादित होतो. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली यालाही या संदर्भात अर्थ आहे. विधान करणाऱ्याने विधानाची जोखीम आपल्या अंगावर घेतली. विश्वास तेवढ्याने बसतोच असे नाही, पण तो मागण्याचा नैतिक हक्क मात्र त्यातून मिळतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १२० मीटरची मागणी मान्य झाली म्हणून मच्छीमारांचे म्हणणे खरे ठरले असे म्हणता येणार नाही. ६० मीटरच्या अंतरातून होड्या कधी गेल्याच नाहीत. ते विधान तपासले गेले नाही आणि आता तपासले जाणारही नाही. परंतु न मानण्याची नैतिकता त्या तपासणीवर अवलंबून नाही. जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक दोषी ठरला असता, या क्लिफर्डच्या म्हणण्याचा व्यत्यास येथे लागू पडतो. ६० मीटर पुरेसे ठरले असते, तरी ज्यांना पटवून दिले गेले नाही त्यांनी ते न मानणे अयोग्य ठरले नसते.

६

आता पुन्हा समीक्षेकडे वळू. आपल्या समीक्षाव्यवहारात अविश्वासाच्या तीन कल्पना रूढ आहेत. एक कोलरिजची, जीत अविश्वास स्थगित करावयाचा असतो. दुसरी पॉल रिकर यांनी १९६५ मध्ये मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांच्या संदर्भात मांडलेल्या संशयाच्या भाष्यपद्धतीची, जीत अविश्वास हे वाचनाचे साधन होते. तिसरी ल्योतार यांची. १९७९ च्या त्यांच्या ग्रंथानंतर महाकथनांविषयीचा अविश्वास हे आधुनिकोत्तर अवस्थेचे लक्षण म्हणून आपण शिकवत आलो. या तिन्हींसाठी आपण ‘अविश्वास’, ‘संशय’ हे शब्द अदलून-बदलून वापरतो. तिन्हींमध्ये एक समान गोष्ट अशी की अविश्वास ठेवणाऱ्याला त्यात काही गमवावे लागत नाही.

कोलरिजच्या संज्ञेतील ‘स्वेच्छेने’ हा शब्द या दृष्टीने पुन्हा वाचावासा वाटतो. वाचक अविश्वास स्थगित करू शकतो, कारण कवितेतील जहाज बुडाले तरी वाचक कोरडा राहतो. पुस्तक मिटण्याची मोकळीक हा त्या स्थगनाचा पाया आहे. जेथे ही मोकळीक नाही तेथे स्थगनाची मागणी करणे म्हणजे नागरिकाला वाचक समजणे होय. अहवालाच्या वाचकाने शंका बाजूला ठेवून पुढे जावे, ही अपेक्षा काव्यशास्त्रातून उचलून प्रशासनात आणता येत नाही. महाकथनांचा अविश्वास शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनीही थोडे थांबण्याची गरज आहे. ‘विकास’ हे एक महाकथन आहे असे वर्गात सांगणे सोपे असते. संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी लवकर पोहोचताना ते सांगण्याची किंमत आम्हांला द्यावी लागत नाही. कोळीवाड्यातल्या माणसाने ‘महाकथन’ हा शब्द ऐकलेला नाही. पण न मानण्यासाठी त्याने होडी आडवी घातली आणि त्या दिवसाची मासेमारी सोडली.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. समीक्षेत आणि अध्यापनात या संज्ञा मराठीत आणताना ‘अविश्वास’ या नामापाशी न थांबता क्रियापदापर्यंत जावे. कोलरिजच्या संदर्भात प्रश्न खरे वाटण्या-न वाटण्याचा आहे. वाचक जे स्थगित करतो ते ‘खरे न वाटणे’ होय. संशयाच्या वाचनपद्धतीत संहितेचे वरकरणी म्हणणे ‘न पटणे’ आहे, आणि म्हणून संहितेशी संवाद चालू राहतो. ल्योतार यांच्याकडे महाकथनांचे प्रामाण्य ‘न मानणे’ आहे. आणि न मानणे ही कृती असेल, तर ती करणाऱ्याने काय पणाला लावले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याने विचारले होते की यांतले स्थगित काय करायचे. त्याचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते : खरे न वाटणे कवितेपुरते स्थगित कर. न पटणे स्थगित करू नकोस, ते बोलून दाखव. आणि न मानणे स्थगित करावयाचे की नाही, हे होडीत कोण बसले आहे ते पाहून ठरव.